तेवीस दिवसांची जाळी

भुरी स्वतःची पिसं उपटून खाते आहे, हे माझ्या लक्षात यायला चार दिवस लागले. आधी मला वाटलं, पिसं झडत असतील. कोंबड्यांची पिसं वर्षातून एकदा झडतात, असं मंदा सांगायची. पण झडलेलं पीस जमिनीवर सापडतं. इथे अंगण स्वच्छ होतं आणि भुरीच्या छातीवर तळहाताएवढी जागा उघडी पडली होती, गुलाबी. पाचव्या दिवशी मी मागच्या दारात खुर्ची टाकून बसलो. ती मुनग्याच्या, म्हणजे शेवग्याच्या, झाडाखाली उभी राहिली, मान खाली घातली, छातीचं एक पीस चोचीत धरलं, ओढलं आणि गिळलं. मग दुसरं.

मंदा म्हणजे मंदाकिनी, माझी बायको. ती फेब्रुवारीत गेली. बीरगांवच्या या घराच्या मागे तिने तीन कोंबड्या पाळल्या होत्या. ऑक्टोबरमध्ये एका संध्याकाळी मी खुराड्याची कडी लावायला अर्धा तास उशीर केला, आणि उदमांजराने दोन नेल्या. भुरी तेवढी वाचली, कारण ती पाण्याच्या टाकीमागे जाऊन बसली होती. भुरी सात वर्षांची. उजवा डोळा लहानपणीच कावळ्याने फोडलेला. मंदाने तिला हळद लावून, चिमटीने भरवून जगवली होती. मंदाचा आवाज आला की ती कुठूनही धावत यायची. माझ्या आवाजाला येत नाही. मी दाणे टाकले तरी मी आत गेल्यावरच खाते.

आमची मुलगी यामिनी पुण्याला असते, तिचा संसार, तिची नोकरी. तेराव्यानंतर ती म्हणाली, बाबा, चला माझ्याकडे. मी म्हटलं, कोंबड्यांचं काय. ते कारण म्हणून सांगितलं होतं, पण पुढे ते खरंच झालं. मंदाने हात लावून वाढवलेलं जिवंत असं घरात आता एवढं एकच होतं. भुरी मरू नये, एवढंच मला हवं होतं. त्या दिवसांत दुसरं काही हवं होतं असं मला आठवत नाही.

मागच्या गल्लीत माया राहते. तिचा नवरा जवळच्या उरला गावच्या कारखान्यात जातो आणि तिच्या अंगणात पंधराएक कोंबड्या असतात. मी तिला बोलावलं. तिने भुरीला काखेत धरलं, छातीखाली बोटं फिरवली आणि माझा हात ओढून तिथे लावला. मधलं हाड सुरीच्या पात्यासारखं हाताला लागलं. माया म्हणाली, एकटी कोंबडी अशीच जाते. आधी पिसं खाते, मग दाणे सोडते. तिला सोबत आणा, महिनाभर थांबलात तर आणायची गरज उरणार नाही.

तिनेच तिच्याकडच्या तीन तलंगा दिल्या. तलंग म्हणजे अजून अंड्यावर न आलेली तरणी कोंबडी. एक लाल, दोन काळ्या. देताना तिने सगळं नीट समजावलं. जुनीच्या जागेत नवीन एकदम सोडल्या तर मारामारी होते, जीवही जातो. काही लोक अंधार पडल्यावर नवीन कोंबड्या गुपचूप खुराड्यात ठेवून देतात, सकाळी उठल्यावर त्या एकमेकींना ओळखीच्या समजतात. मी म्हटलं, ते नको. भुरीला एका बाजूने दिसत नाही. पहाटे मी उठायच्या आत तिघींनी तिला फाडलं तर? माया म्हणाली, ठीक आहे, मग मधे जाळी लावा. आठ दिवस एकमेकींना बघू द्या. मग दिवसाउजेडी जाळी काढा, दाणे दोन ठिकाणी टाका आणि जवळ बसा. जोवर एखादी खाली पडत नाही तोवर मधे पडू नका.

"आठ दिन बहुत हे, भैया," ती फाटकातून जाताना तिच्या बोलीत म्हणाली. आणि कोपऱ्यावरून वळून पुन्हा एकदा तेच म्हणाली.

मी रेल्वेत केबिनमन होतो, चौतीस वर्षं. स्टेशनच्या टोकाला दोन मजली केबिन असते, तिच्यात लोखंडी लिव्हर असतात. ते ओढून रूळ बदलायचे आणि सिग्नल द्यायचे. त्या कामाचा सगळा अर्थ एवढाच, की एका रुळावर एका वेळी एकच गाडी. पहिली गाडी पूर्ण गेली, तिच्या शेवटच्या डब्यामागची पाटी आपल्या डोळ्यांनी पाहिली, मगच पुढचीला वाट द्यायची. शंका आली तर सिग्नल लाल ठेवायचा. लाल ठेवल्याबद्दल शिव्या खाव्या लागतात, पण लाल ठेवल्याने कोणी मरत नाही. माझ्या हातून चौतीस वर्षांत कोणी मेलं नाही.

मी अंगणाचे दोन भाग केले. मधे पेरूपासून भिंतीपर्यंत जाळी, तारेने घट्ट बांधलेली. खुराड्याकडचा भाग भुरीला, नळाकडचा तिघींना. रात्री तिघींवर बांबूचं डालं पालथं घालायचो आणि वर दगड ठेवायचो.

पहिल्या दिवशी भुरी जाळीजवळ आली आणि डावा डोळा लावून बराच वेळ पाहत राहिली. मग ती जाळीच्या कडेने चालायला लागली. पेरूपासून भिंतीपर्यंत, भिंतीपासून पेरूपर्यंत. दिवसभर. चौथ्या दिवसापर्यंत मातीत पायवाट पडली. मला वाटलं ती चिडली आहे. मी मायाला तसं सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, चिडलेली कोंबडी चालत नाही, उडी मारते.

सहाव्या दिवशी लालीने, म्हणजे त्या लाल तलंगेने, जाळीतून चोच घालून भुरीच्या मानेला टोचलं. उजव्या बाजूने, जिथून भुरीला दिसत नाही तिथून. रक्ताचे दोन थेंब आले. मी त्याच दुपारी बाजारात जाऊन दुसरी जाळी आणली आणि पहिलीपासून हातभर अंतरावर लावली. आता कोणाची चोच कोणाला लागणार नव्हती.

आठव्या दिवशी मायाने भिंतीपलीकडून विचारलं, खोलली का? मी म्हटलं, आणखी दोन दिवस. दहाव्या दिवशी म्हटलं, मानेची जखम भरू दे. जखम भरली. बाराव्या दिवशी ढगाळ होतं. पंधराव्या दिवशी मला लाली जरा जास्तच अंगात आल्यासारखी वाटली, ती दोन्ही काळ्यांना दाण्यांवरून हाकलत होती. मी बसून बसून कारणं शोधत होतो असं नाही. कारणं दिसत होती.

यामिनी दर रविवारी फोन करते. तिने विचारलं, भुरी कशी आहे. मी म्हटलं, सुरक्षित आहे.

"मी सुरक्षित विचारलं नाही, बाबा. कशी आहे?"

मी सांगितलं, चालायचं थांबली आहे.

ते खरं होतं. दुसरी जाळी लावल्यावर दोन-तीन दिवसांनी भुरीने ती पायवाट सोडली. मग खुराड्याच्या पायरीवर बसून राहायची. कनकी, म्हणजे तांदळाची चुरी, टाकली तर चार दाणे उचलायची आणि थांबायची. छातीवरची उघडी जागा पोटापर्यंत गेली. विसाव्या दिवशी माया स्वतः आली, भुरीला उचललं, खाली ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. म्हणाली, यात आता एक हप्ता आहे. जाताना तिने दोन्ही जाळ्यांवरून हात फिरवला, जसं कोणी दुसऱ्याच्या घरातलं नको ते सामान बघावं तसं.

त्या दोन रात्री मला झोप नव्हती. जाळी काढली तर लाली तिला मारेल. नाही काढली तर ती तशीच मरेल. दोन्हीकडे एकच गोष्ट दिसत होती. फरक एवढाच, की जाळी काढून मेली तर ती माझ्या हाताने मेली असती.

बाविसाव्या दिवशी धर्मपाल आला. धर्मपाल माझ्याच स्टेशनवर पॉइंट्समन होता. मी लिव्हर ओढायचो आणि रूळ नीट बसला की नाही ते तो खाली जाऊन पाहायचा. थट्टेशिवाय त्याला बोलता येत नाही. भुरीला बघून दरवेळी तो एकच म्हणतो, की हिचा रस्सा करायला घेतला तर सिलिंडर संपेल पण ही शिजणार नाही. त्या दिवशी मात्र तो जाळ्यांसमोर उभा राहिला.

"हे काय होय बे, मारोती? बॉर्डर बनवली काय?"

मी सगळं सांगितलं. लालीने टोचल्याचं, दुसऱ्या जाळीचं, ढगांचं. तो ऐकत होता.

"किती दिवस झाले?"

"बावीस."

"आन् मायाबाईनं किती सांगतले होते?"

"आठ."

मी त्याच्यासाठी चहा ठेवायला उठलो. त्याने मला हात धरून खाली बसवलं.

"मंदावहिनीच्या वक्ताले बी तू हेच केलं," तो म्हणाला. "डॉक्टरनं दोन हप्ते म्हटले होते. तू सव्वा महिना फाटक लावून बसला. मले फाटकातून वापस लावलं. कुमुदले बी लावलं."

"तिला ताप येऊ नये म्हणून."

"मंग नाही आला काय ताप?"

हे मला कोणीच बोललं नव्हतं. यामिनीही नाही.

मंदाला रक्ताचा आजार होता. औषधांनी तिच्या पांढऱ्या पेशी खाली गेल्या. डॉक्टरांनी सांगितलं, दोन आठवडे कोणाला जवळ येऊ देऊ नका. मी नाही येऊ दिलं. दोन आठवड्यांनी पेशी वर आल्या. डॉक्टर म्हणाले, आता घरची एक-दोन माणसं तोंडाला रुमाल बांधून भेटली तर चालेल, त्यांनाही बरं वाटेल. मी ते कोणाला सांगितलं नाही. मला वाटलं, आणखी थोडे दिवस. पेशी आणखी वर येऊ देत.

कुमुद मंदाची धाकटी बहीण, शहरात तात्यापाऱ्यात राहते. ती एका दुपारी रिक्षा करून आली. डब्यात मऊ भात आणि मुगाचं वरण होतं. मी फाटक उघडलं नाही. डबा वरून घेतला आणि म्हटलं, डॉक्टरांनी नाही म्हटलंय. ती म्हणाली, भाऊजी, मी खिडकीतून बघते, आत येत नाही. मी तेही नाही म्हटलं. ती थोडा वेळ उभी राहिली आणि गेली. मी आत गेलो तेव्हा मंदा उशीवर डोकं उचलून बघत होती. कोण होतं, म्हणाली. मी म्हटलं, कुरिअरवाला. तिला कुमुदसारखा आवाज वाटला होता. मी म्हटलं, नाही. तो भात मी तिला मीच केला म्हणून भरवला. तिने दोन घास खाल्ले. तिला कळलं असणार. बहिणीच्या हातचं वरण कोणाला कळत नाही?

चार दिवसांनी ताप आला. डॉक्टर म्हणाले, बाहेरून कोणी आणला नाही, हा तिच्याच अंगातून आला आहे, तो फाटक बंद ठेवून थांबत नाही. पाचव्या दिवशी ती गेली. तेराव्याला कुमुद आली, बाहेर मांडवात बसली आणि न जेवता गेली. त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही. मीही तिच्या घरी गेलो नाही.

हे धर्मपालला अर्धं माहीत होतं. कुरिअरवाल्याचं माहीत नव्हतं. मी त्या दिवशी त्याला ते सांगितलं. त्याने थट्टा केली असती तर बरं वाटलं असतं.

मग तो उठला आणि म्हणाला, उद्या नऊ वाजता पक्कड घेऊन येतो.

तेविसाव्या दिवशी सकाळी तो खरंच पक्कड घेऊन आला. ऊन चांगलं होतं. मी दोन ताटल्यांत कनकी काढली आणि दोन टोकांना ठेवली. हातात काठी घेतली. धर्मपालने तारा एक एक करून कापल्या आणि दोन्ही जाळ्या गुंडाळून भिंतीला लावल्या. मग माझ्याजवळ येऊन बसला, माझ्या हातातली काठी घेतली आणि स्वतःच्या बुडाखाली ठेवली.

"काठी दे," मी म्हटलं.

"नाही देत."

तिघी जणी जाळी होती तिथपर्यंत आल्या आणि थांबल्या. तिथे आता काहीच नव्हतं, तरी एकीनेही पाय पुढे टाकला नाही. एक काळी त्या रेषेवर मान लांब करून पाहायची आणि परत मागे घ्यायची. भुरी पायरीवर बसलेली होती. पाच मिनिटं गेली, दहा गेली. भिंतीवर मायाचं डोकं दिसलं.

माझं सगळं लक्ष लालीवर होतं. ती कुठून येईल, उजवीकडून आली तर मी किती पावलांत पोचेन, हे मी मोजत होतो. पण पहिली उठली ती भुरी.

ती पायरीवरून उतरली, तिच्या जुन्या पायवाटेवरून दोन पावलं चालली आणि मग सरळ रेषा ओलांडून लालीच्या समोर जाऊन उभी राहिली. मानेची जी काही पिसं उरली होती ती तिने फुलवली. लालीने फुलवली. दोघी एकदम उडाल्या. छातीवर छाती आपटल्याचा आवाज आला, उघड्या कातडीचा. भुरी खाली आली ती एका पायावर, आणि लालीने तोपर्यंत तिचा तुरा धरला होता.

मी उठलो. धर्मपालने मागून माझा सदरा धरला.

"बस."

"रक्त आलं."

"दिसून राहिलं मले. पडली नाही ना अजून? बस."

भुरीने तुरा सोडवला. रक्त तिच्या चोचीपर्यंत ओघळलं. लाली आता गोल फिरायला लागली आणि तिला लगेच कळलं की उजवीकडून गेलं तर म्हातारीला दिसत नाही. तिने एकदा टोचलं. भुरी वळेपर्यंत दुसऱ्यांदा टोचलं. दोन्ही काळ्या रक्त बघून जवळ आल्या. एकीने मागून पीस उपटलं. भुरी जागच्या जागी फिरत होती आणि दरवेळी टोचा तिला मागूनच बसत होता. मी धर्मपालला म्हटलं, सोड मला. त्याने सदरा सोडला नाही. शिवलेला होता तिथे तो काखेत फाटला.

तेवढ्यात भुरी पळाली. मला वाटलं संपलं, आता तिघी मिळून तिला पळवून पळवून मारतील. पण ती कंपाउंडच्या भिंतीपाशी गेली आणि उजवी बाजू भिंतीला अगदी घासून उभी राहिली. आंधळी बाजू भिंतीकडे, डोळा अंगणाकडे. आता जिला यायचं तिला समोरूनच यावं लागणार होतं.

लाली समोरून आली. भुरीने तिच्या डोळ्याच्या वर इतक्या जोरात चोच मारली की लाली मागे बसली. पुन्हा आली, पुन्हा चोच खाल्ली. तिच्याही तुऱ्यातून रक्त आलं. एक काळी तेवढ्यात लालीचाच तुरा टोचायला गेली आणि लालीने तिला हाकललं. मग दोघी समोरासमोर उभ्या राहिल्या, चोची उघड्या, दोघींची छाती वर-खाली होत होती. किती वेळ ते मला सांगता येणार नाही.

मग लालीने मान खाली घातली आणि जमिनीवर टोचलं. तिथे दाणा नव्हता. माती होती. तिने आणखी एकदा टोचलं, जसं काही ती इतका वेळ तेच शोधत होती, आणि दोन पावलं बाजूला गेली.

"झालं," भिंतीवरून माया म्हणाली. "अब राख लगा दे भैया, लाल झन दिखय." तांबडं दिसायला नको, दिसलं तर बाकीच्या टोचत राहतात. तिने चुलीची राख कागदात बांधून भिंतीवरून दिली. मी भुरीच्या तुऱ्यावर दाबून लावली. तिचं अंग कापत नव्हतं. मग लालीला धरून तिलाही लावली.

धर्मपाल म्हणाला, "बुढी हुशार हाय. आपल्या दोघायपेक्षा जास्त." आणि काठी माझ्या हातात दिली.

कोणी जिंकलं असं झालं नाही. किंवा भुरी हरली असंच म्हणायला हवं. दुपारभर लालीने तिला ताटलीजवळ येऊ दिलं नाही, आणि लालीचं बघून काळ्याही हाकलायला लागल्या. सात वर्षं ज्या अंगणात ती पहिली खायची तिथे ती आता शेवटची होती. दोन्ही ताटल्यांवरून हाकलली की ती मधे, जिथे जाळी होती तिथे जायची, आणि तिघींच्या पायांनी उधळलेले दाणे वेचायची. मी तिसरी ताटली, चौथी ताटली ठेवायला उठायचो आणि पुन्हा बसायचो. कारण ती खात होती. चार दाणे नाही, सगळे वेचत होती. आणि दुपारभरात एकदाही तिने मान वळवून स्वतःच्या छातीला चोच लावली नाही. मी तेवढंच पाहत होतो.

धर्मपाल चार वाजता गेला. जाताना म्हणाला, रश्श्याचं आता पुढल्या साली बघू.

मला वाटलं होतं, कठीण ते झालं. सहा वाजता कळलं की झालं नव्हतं.

ऊन उतरलं तशा तिन्ही तलंगा खुराड्याकडे गेल्या. इतके दिवस त्या डाल्याखाली झोपत होत्या. मी आज डालं काढलं नव्हतं, कारण माया म्हणाली होती, आता पुन्हा वेगळ्या केल्या तर उद्या सगळं पहिल्यापासून. त्या एकापाठी एक आत गेल्या आणि दांडीवर चढल्या. भुरी पायरीवर आली. आत डोकावली. आतून टोचल्याचा आवाज आला आणि ती पायरीखाली आली.

उदमांजर आमच्या भिंतीवरून याच वेळी जातं. ऑक्टोबरमध्येही हीच वेळ होती. अंधार पडायला वीस मिनिटं होती. मी कडीवर हात ठेवून उभा होतो.

डालं कोपऱ्यात होतं. भुरीला उचलायचं, डाल्याखाली घालायचं, डालं स्वयंपाकघरात न्यायचं. एक रात्र. तिचा तुरा फाटलेला आहे, अंगात ताकद नाही, आत तिघी आहेत आणि एकदा कडी लावली की पळायला जागा नाही. आत तिला भिंतही मिळणार नाही, दांडी मधोमध आहे. एक रात्र घरात ठेवली तर काय बिघडतं? उद्या जखम सुकेल. परवा सोडू. मी डालं उचललं. हे मी सांगतो आहे कारण मी ते खरंच उचललं होतं.

भुरी पुन्हा पायरी चढली. आत गेली. पंखांची फडफड झाली आणि ती बाहेर आली, जवळजवळ फेकलीच गेली. उठली, पंख झटकले. माझ्याकडे पाहिलं नाही. माझ्या हातात डालं होतं आणि मी तिच्यापासून तीन हातांवर होतो, पण ती माझ्याकडे नाही, आत पाहत होती.

मी डालं खाली ठेवलं.

ती पुन्हा आत गेली. या वेळी आवाज जास्त झाला. लालीचा, मग एका काळीचा, मग दांडीवर कोणी तरी घसरल्याचा. मग एक टोचा. मग काही नाही. मी वाट पाहिली. ती बाहेर आली नाही. आत अंधार होता, कोण कुठे आहे ते दिसत नव्हतं. खिशात टॉर्च होता. टॉर्च मारला असता तर सगळ्या बिथरल्या असत्या. मी खुराड्याचं दार ओढलं आणि कडी लावली.

घरात आलो. भात टाकला, खाल्ला नाही. खिडकीतून खुराडं दिसतं, पण मी खिडकी लावून घेतली. काही आवाज आला तर मी उठून जाणार, हे मला माहीत होतं.

सकाळी पावणेसहाला मी कडीवर हात ठेवला. आत कुरकुर चालली होती. एकीची की चौघींची, ते कळत नव्हतं. मी कडी काढली आणि दार उघडलं.

आधी एक काळी बाहेर आली. मग लाली, डोक्यावर कालची राख. मग दुसरी काळी. तिघी नळाकडे गेल्या.

चौथी आली नाही.

मी दारात उभा राहिलो. वाकून बघायला हवं होतं. काल संध्याकाळी डालं खाली ठेवलेला हात मी दुसऱ्या हाताने धरून ठेवला होता. नळाजवळ तिघी पाणी पीत होत्या. मी मनात म्हटलं, दहा मोजतो आणि मग बघतो. सहापर्यंत आलो.

आत दांडीवरून कोणी तरी जड उडी मारली. पायांचा आवाज आला, एक पाय थोडा फरफटत. दारात भुरीचं डोकं दिसलं. तुऱ्यावर राखेची खपली होती, मानेवर एक नवीन ओरखडा होता, आणि डावा डोळा स्वच्छ उघडा होता. ती थांबली, कारण दारात माझा पाय होता. पलीकडे तिघी नळाकडून ताटलीकडे निघाल्या होत्या आणि तिला उशीर होत होता. तिने माझ्या अंगठ्यावर चोच मारली.

मी पाय बाजूला घेतला.